जोडीला होमिओपॅथी

संधिवाततज्ज्ञाच्या खोलीतून निघताना, एक हात दाराला लावून विचारला जाणारा एक प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, ह्याच्या जोडीला होमिओपॅथी घेतली तर चालेल ना?" बऱ्याचदा ती महिनाभर आधीच सुरू झालेली असते, परवानगीचा फक्त उपचार पाळला जातो. उत्तरेही ठरलेली. एक, "घ्या हो, त्याने काही बिघडत नाही." दुसरे, "त्या भानगडीत पडू नका." कुठलेही उत्तर द्यायला अर्धा मिनिट पुरतो आणि पुढचा रुग्ण आत येतो.

या अर्ध्या मिनिटामागे बराच मोठा इतिहास आहे. १९७८ पासून ग्लासगो, साओ पाउलो, लंडन, साउदॅम्प्टन अशा ठिकाणी नेमका हाच प्रश्न रुग्णांवर तपासून पाहिला गेला. पहिले निष्कर्ष होमिओपॅथीच्या बाजूने लागले, नंतरचे विरुद्ध गेले आणि शेवटच्या मोठ्या चाचणीने प्रश्नाचे रूपच पालटले. तो हिशेब इथे मांडायचा आहे. 'जोडीला' हा शब्द मात्र वाचकाने सुरुवातीपासून ध्यानात ठेवावा. चालू औषधांना जोड देणे वेगळे आणि चालू औषधे सोडून पर्याय धरणे वेगळे. या वादातला निम्मा गोंधळ ही सरमिसळ करण्यातून आला आहे.

कोणता वात?

मराठीत 'वात' हा शब्द भलताच ऐसपैस. गुडघ्याची झीज, युरिक ॲसिडने सुजलेला पायाचा अंगठा, चिकुनगुन्यानंतर ठणकत राहिलेले घोटे आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, सगळे त्यात मावते. आयुर्वेदाच्या 'माधवनिदाना'त आमवात हा रोग स्वतंत्रपणे वर्णिला आहे आणि आजचे अनेक वैद्य ऱ्हुमॅटॉइडला तेच नाव देतात. परिभाषाकोशातला 'संधिवाताभ' कोशातच राहिला. रुग्ण तर सरळ "मला आर. ए. पॉझिटिव्ह आहे" असे सांगतात. या लेखापुरते आमवात म्हणू.

आमवातात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजून जाड होते आणि शेजारची कूर्चा व हाड कुरतडू लागते. बोटांची पेरे, मनगटे, पायांचे चवडे, बहुधा दोन्ही बाजूंना सारखेच. सकाळी उठल्यावर तास तासभर मूठ वळत नाही. कणीक मळणे, साडीला पिन लावणे, नळ घट्ट बंद करणे ही कामे डोंगराएवढी होतात. जगभर अर्धा ते एक टक्का प्रौढांना हा रोग असतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन ते तीन पट अधिक होतो. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. तिथे आमवाताचे प्रमाण साधारण अर्धा टक्का निघाले. म्हणजे पाच-सहा हजार वस्तीच्या गावात फार तर पंचवीस-तीस माणसे.

नाव आधी नीट ठरवून घेण्याचे कारण आहे. चिकुनगुन्याची सांधेदुखी कधी कधी हुबेहूब आमवातासारखी दिसते आणि बहुतेकांची काही महिन्यांत आपोआप ओसरते. २००६ च्या साथीत महाराष्ट्रात गावेच्या गावे आखडली होती. त्या काळात ज्याने ज्याने जे जे घेतले, ते ते त्याला लागू पडले. अशा वेळी "माझा वात अमुक औषधाने गेला" या वाक्यातला वात कोणता, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

खुद्द आमवातही सरळ रेषेत चालत नाही. तो उसळतो, ओसरतो, पुन्हा उसळतो. माणूस नवा डॉक्टर गाठतो तो उसळीच्या टोकाला. त्यानंतर काही न करताही थोडा उतार येण्याची शक्यता असतेच. त्यात या रोगाचे मुख्य औषध मेथोट्रेक्सेट, त्याचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. चौथ्या आठवड्यात कंटाळून कोणी होमिओपॅथीची पुडी सुरू केली आणि आठव्या आठवड्यात बोटे मोकळी झाली, तर श्रेय कुणाच्या खात्यावर पडेल हे सांगायला नको.

दोन औषधांच्या दोन वाटा

'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी १८५९ मध्ये रूढ केले. नाव मिळाले तरी औषध मिळायला फार काळ गेला. ॲस्पिरिन आले, मग १९२९ पासून फ्रान्सच्या झाक फोरेस्तिए यांनी सोन्याच्या क्षारांची इंजेक्शने वापरायला सुरुवात केली. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली रुग्ण काही दिवसांत चालू लागली. १९५० चे नोबेल त्यासाठीच मिळाले. स्टेरॉइडची किंमत शरीराला किती मोजावी लागते, हे मात्र नंतर कळले. कर्करोगावरचे मेथोट्रेक्सेट अगदी लहान मात्रेत, आठवड्यातून एकदा दिले तर आमवाताला लगाम बसतो हे १९८० च्या दशकातल्या चाचण्यांनी दाखवले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला या रोगासाठी मान्यता मिळाली. १९९२ मध्ये लंडनला मार्क फेल्डमन आणि मूळचे लुधियान्याचे रविंदर मैनी यांनी जैविक औषधाचा पहिला प्रयोग केला. त्या आधीच्या आणि नंतरच्या रुग्णांच्या हातांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली तर रोग एकच आहे यावर विश्वास बसत नाही. वाकडी झालेली बोटे आता पाठ्यपुस्तकात जास्त दिसतात, निदान वेळेवर उपचार मिळालेल्यांच्या बाबतीत.

दुसरी वाट जर्मनीतून निघते. सॅम्युएल हानेमान यांनी १७९० मध्ये सिंकोनाची साल स्वतः खाऊन पाहिली, १७९६ मध्ये 'समानाने समानावर उपचार' हे सूत्र मांडले आणि १८१० मध्ये 'ऑर्गेनॉन' छापले. त्या काळचे वैद्यक म्हणजे रक्त काढणे, जळवा लावणे आणि पाऱ्याचा मारा. त्यापुढे हानेमानांची सौम्य मात्रा सुटकेसारखी वाटली असेल तर नवल नाही. भारतात ती लाहोरच्या दरबारी पोहोचली. ट्रान्सिल्व्हेनियाचे योहान होनिगबर्गर यांनी १८३९ मध्ये रणजितसिंहांवर उपचार केले होते. पण खरे बस्तान बसले ते कलकत्त्याला, महेंद्रलाल सरकारांमुळे. कलकत्ता विद्यापीठाचे हे एम. डी. आधी होमिओपॅथीचे कडवे विरोधक. १८६७ मध्ये त्यांनी जाहीर भाषणात मत बदलल्याचे सांगितले आणि वैद्यक वर्तुळाने त्यांना वाळीत टाकले. पुढे १८७६ मध्ये त्यांनीच विज्ञानसंवर्धनासाठी 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' स्थापन केली. सी. व्ही. रामन यांचे नोबेल मिळवणारे काम याच संस्थेत झाले. होमिओपॅथी आणि विज्ञान यांचे भारतातले नाते इतके सरळ नाही, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

आज तिला कायद्याचे पूर्ण पाठबळ आहे. १९७३ चा केंद्रीय परिषदेचा कायदा, मग केंद्रीय संशोधन परिषद, २०१४ मध्ये आयुष मंत्रालय, २०२० मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा. युरोपात 'पूरक' असलेली ही पद्धती आपल्याकडे शासनमान्य वैद्यक आहे, आणि म्हणून तिकडच्या वादाची भाषा इकडे जशीच्या तशी चालत नाही.

ग्लासगो ते साउदॅम्प्टन

आमवातावर होमिओपॅथीची पहिली लक्षवेधी पाहणी १९७८ मध्ये ग्लासगोच्या गिब्सन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. ४१ रुग्णांना दिवसाला ३.९ ग्रॅम सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनच्या जातीचे औषध, आणि ५४ रुग्णांना होमिओपॅथी. होमिओपॅथीच्या गटाची प्रकृती अधिक सुधारली. पण ही चाचणी आंधळी नव्हती. कोण काय घेतो आहे हे सगळ्यांना ठाऊक होते आणि दोन्ही गटांवर उपचार करणारे डॉक्टरही वेगळे होते. गुण गोळीचा की डॉक्टरांचा, हे वेगळे काढता येत नाही असे लेखकांनी स्वतःच लिहून ठेवले. इतके प्रांजळ वाक्य या वादात नंतर फारसे वाचायला मिळत नाही. पुढची तीस वर्षे सगळे संशोधन त्या वाक्याभोवतीच फिरले आहे.

त्याच गटाने १९८० मध्ये नीट दुहेरी आंधळी चाचणी केली. ४६ रुग्ण, तीन महिने, चालू वेदनाशामके दोन्ही गटांना तशीच. होमिओपॅथीच्या गटात वेदना, सांध्यांचा हळवेपणा, सकाळचा आखडलेपणा आणि मुठीची पकड यांत सुधारणा दिसली, तर नकली गोळीच्या गटात फरक पडला नाही. होमिओपॅथीचे समर्थक आजही हीच चाचणी पुढे ठेवतात आणि ती ठेवण्याजोगी आहे. तिची मर्यादा काळाची. मेथोट्रेक्सेट त्या वेळी या रोगाच्या रोजच्या उपचारात नव्हते. शिवाय नकली गोळीच्या गटात अजिबात सुधारणा न होणे हेच चमत्कारिक आहे, कारण नंतरच्या बहुतेक चाचण्यांत नकली गोळीनेही काहींना बरे वाटलेले दिसते.

१९९१ मध्ये साओ पाउलोच्या आंद्रादे आणि सहकाऱ्यांनी ४४ रुग्णांवर सहा महिने चाचणी केली. थोडी सुधारणा दोन्ही गटांत दिसली, पण दोहोंतला फरक ठोस ठरला नाही. मधल्या काळात शेजारच्या आजारांवरही प्रयोग चालू होते. १९८३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या एका चाचणीत गुडघ्या-खुब्याच्या झिजेवर ऱ्हस टॉक्स हे औषध नकली गोळीहून सरस ठरले नाही. १९८९ मध्ये तेच औषध स्नायूंच्या दुखण्यात उपयोगी पडल्याचे पीटर फिशर यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडले, आणि पुढच्याच वर्षी डेव्हिड कोल्कून यांनी त्यातले सांख्यिकी गणित उलटून तपासून तो निष्कर्ष टिकत नाही असे दाखवले. २००० मध्ये जोनास आणि सहकाऱ्यांनी संधिवाताच्या विविध प्रकारांवरच्या सहा चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा बेरीज होमिओपॅथीच्या बाजूने आली. पण सहा लहान आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या चाचण्यांच्या बेरजेवर किती भार टाकायचा, हा प्रश्न उरलाच.

याच फिशरांची २००१ ची चाचणी माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची. फिशर रॉयल लंडन होमिओपॅथिक रुग्णालयाचे वैद्यकीय प्रमुख आणि राणी एलिझाबेथ यांचे चिकित्सक. होमिओपॅथीवर त्यांची निष्ठा शेवटपर्यंत होती. डेव्हिड स्कॉट या संधिवाततज्ज्ञाला बरोबर घेऊन त्यांनी ११२ रुग्ण निवडले. सगळे नेहमीच्या औषधांवर स्थिरावलेले. प्रत्येकाने तीन महिने खरी आणि तीन महिने नकली गोळी घ्यायची, क्रम गुप्त. ४२ वेगवेगळी औषधे हाताशी ठेवली होती, म्हणजे प्रत्येक रुग्णाला त्याच्या प्रकृतीप्रमाणे निवडून देता येतील. शेवटपर्यंत ५८ जण टिकले. सांध्यांचा हळवेपणा, आखडलेपणा, रक्तातला ईएसआर, कशातही फरक नाही. वेदना तर खऱ्या गोळीपेक्षा नकली गोळीच्या तीन महिन्यांनंतर लक्षणीय कमी भरली. आपल्या श्रद्धेच्या विरुद्ध जाणारा निष्कर्ष फिशरांनी स्वतःच्या नावाने छापला. या वादात दोन्ही बाजूंना ज्यांच्याबद्दल आदर वाटावा अशी माणसे थोडी, फिशर त्यांतले एक. २०१८ मध्ये लंडनच्या रस्त्यावर सायकल चालवताना अपघातात ते गेले.

२०११ मध्ये साउदॅम्प्टनच्या सारा ब्रायन, जॉर्ज लेविथ आणि सहकाऱ्यांनी १९७८ चे ते जुने वाक्य थेट तपासायला घेतले: गोळी की डॉक्टर? ८३ रुग्णांचे पाच गट केले. तीन गटांना होमिओपॅथची सविस्तर, वारंवार मुलाखत मिळाली. त्यांतल्या एकाला व्यक्तिगत निवडीचे औषध, दुसऱ्याला तयार मिश्रण, तिसऱ्याला नकली गोळी. उरलेल्या दोन गटांना मुलाखत नाही, नुसते मिश्रण किंवा नुसती नकली गोळी. चोवीस आठवड्यांनी हिशेब केला तेव्हा मुख्य ठरवलेल्या दोन मापांवर कुठलाच फरक नव्हता. कोणती गोळी घेतली याने काही बदलले नाही. मात्र ज्यांना मुलाखत मिळाली त्यांची सूज, वेदना आणि मनाची उदासी कमी झाली होती. रोगाची तीव्रता मोजणारा डीएएस-२८ हा आकडा त्यांच्यात, मुलाखत न मिळालेल्यांच्या तुलनेत, ०.६२ ने खाली आला.

या ०.६२ वर जरा थांबायला हवे. संधिवाततज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेच्या निकषाप्रमाणे ०.६ हून अधिक घट ही मध्यम सुधारणेची पहिली पायरी. म्हणजे मुलाखतीचा गुण उंबऱ्याच्या जेमतेम आत. तोही दुय्यम मापांवर, ८३ पैकी ५६ जण शेवटपर्यंत राहिलेल्या चाचणीत. आणि गोळी गुप्त ठेवता येते, पण तासभर कुणी आपले ऐकून घेतले की नाही हे रुग्णापासून कसे लपवणार? डीएएस-२८ च्या चार घटकांपैकी दुखऱ्या सांध्यांची संख्या आणि रुग्णाचे स्वतःचे मत हे दोन रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून असतात. सुजलेल्या सांध्यांची मोजणी तशी नसते, आणि इथे तीही कमी भरली होती. म्हणून हा निष्कर्ष झटकून टाकता येत नाही, आणि डोक्यावर घेऊन नाचताही येत नाही.

होमिओपॅथची बाजू

अनुभवी होमिओपॅथला हे सगळे ऐकवले तर तो शांतपणे तीन गोष्टी सांगतो.

पहिली म्हणजे आम्ही रोगाला औषध देत नाही, माणसाला देतो. हालचाल सुरू करताना दुखते, चालत राहिले की मोकळे होते, दमट हवेत वाढते, अशा रुग्णाला ऱ्हस टॉक्स. जरा हलले तरी कळ येते आणि पडून राहिलेले बरे वाटते, त्याला ब्रायोनिया. एकच गोळी शंभर जणांना वाटून होमिओपॅथी तपासता येत नाही. हा आक्षेप १९८३ च्या ऱ्हस टॉक्सच्या चाचणीला चपखल लागू पडतो. पण ग्लासगो, साओ पाउलो आणि लंडन इथे निवड व्यक्तिगतच होती आणि साउदॅम्प्टनला एक गट त्यासाठीच राखला होता. (जाता जाता: उठल्यावर आखडणे आणि हालचालीने मोकळे होणे हे जवळजवळ प्रत्येक आमवाताचे लक्षण आहे. मग ऱ्हस टॉक्सचे वर्णन बहुतेकांना लागू का पडू नये?)

दुसरा मुद्दा काळाचा. वीस वर्षांचा जुनाट रोग तीन महिन्यांत काय हलणार? हा आक्षेप रास्त आहे. सांध्यातल्या हाडाची झीज एक्स-रेवर दिसायलाच वर्ष-दोन वर्षे जातात, आणि होमिओपॅथीच्या चाचण्या तीन ते सहा महिन्यांत संपल्या. उलट बाजूही आहे: मेथोट्रेक्सेटला वेगळा न्याय लावलेला नाही. त्याने हेच माप याच अवधीत हलवून दाखवले आणि मग लांब पल्ल्याच्या चाचण्यांचा हक्क मिळवला.

तिसरे म्हणजे रुग्णांचे समाधान. होमिओपॅथीच्या दवाखान्यात वर्षानुवर्षे येणारे रुग्ण खोटे बोलत नाहीत, आणि त्यांना बरे वाटते हेही खरे असते. वाद त्यांच्या बरे वाटण्याबद्दल नाहीच. त्याचे कारण कोणते, एवढाच आहे.

तिसाव्या पायरीवर काय उरते?

टीकाकारांचा मूळ आक्षेप चाचण्यांच्याही आधीचा. एक थेंब अर्क नव्व्याण्णव थेंब द्रवात मिसळून हलवायचा, त्यातला एक थेंब पुन्हा नव्व्याण्णवात, अशा तीस पायऱ्या झाल्या की ३० सी पोटेन्सी. विरलता एकावर साठ शून्ये. ॲव्होगाड्रोच्या संख्येप्रमाणे बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ द्रव्याचा शेवटचा रेणू निघून जातो. मग गोळीत राहते काय?

१९८८ मध्ये फ्रान्सच्या झाक बेंव्हनिस्त यांनी अशा विरल द्रावाचा परिणाम दाखवल्याचा लेख 'नेचर'मध्ये आला आणि 'नेचर'च्याच चमूने प्रयोगशाळेत जाऊन तपासणी केली तेव्हा तो परिणाम पुन्हा दिसला नाही. त्याहून आपल्या जवळची घटना पवईची. २०१० मध्ये आयआयटी मुंबईच्या जयेश बेल्लारे आणि सहकाऱ्यांनी बाजारातून सोने, चांदी, तांबे, कथील, जस्त, प्लॅटिनम यांची होमिओपॅथिक औषधे आणली आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. ६ सी, ३० सी, २०० सी, सगळ्यांत धातूचे सूक्ष्म कण दिसले. हलवताना कण फेसाबरोबर वर येतात आणि वरचा थरच पुढच्या पायरीला जातो, असे स्पष्टीकरण त्यांनी पुढे मांडले. महाराष्ट्रातल्या अनेक होमिओपॅथिक दवाखान्यांत हे संशोधन अभिमानाने सांगितले जाते.

ते संशोधन त्याच्या जागी ठेवून पाहिले पाहिजे. गाळ किंवा अशुद्धी कुठून आली असेल, याबद्दलच्या शंका इतरांनी उपस्थित केल्या आहेत. त्या बाजूला ठेवल्या तरी, ते सहा धातूंबद्दल आहे. ऱ्हस टॉक्स आणि ब्रायोनिया या वनस्पती. शिवाय बाटलीत कण असणे आणि सांध्याची सूज उतरणे यांच्यामध्ये फार मोठे अंतर आहे, आणि ते अंतर सूक्ष्मदर्शकाने कापता येत नाही. रुग्णांवरची चाचणीच लागते.

सरकारांनी काय केले

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये १७६ अभ्यास चाळून, ज्यावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा आहे असा एकही आजार नाही, असे जाहीर केले. २०१७ मध्ये इंग्लंडच्या आरोग्यसेवेने सरकारी चिठ्ठीवर होमिओपॅथी लिहू नये अशी शिफारस केली. फ्रान्सने विम्याची भरपाई आधी कमी केली आणि १ जानेवारी २०२१ पासून बंदच केली. स्वित्झर्लंड उलट्या दिशेला गेले. २००९ च्या सार्वमतात पूरक उपचारांना मोठा कौल मिळाला आणि तिथे मूलभूत विम्यात होमिओपॅथी टिकून आहे. पुरावा एक आणि निर्णय दोन, कारण कायदा करताना पुराव्याबरोबर लोकांची इच्छाही मोजली जाते.

भारतात प्रश्न वेगळ्याच जागी अडला आहे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथना मर्यादित प्रमाणात ॲलोपॅथीची औषधे देण्याची वाट मोकळी केली. त्यांच्या वैद्यक परिषदेतल्या नोंदणीवरून २०२५ मध्ये डॉक्टरांच्या संघटनांनी संपही केला. त्या वादात इथे शिरायचे नाही. पण त्यामुळे 'जोडीला' या शब्दाचा अर्थ बदलतो. लंडनला दोन औषधे दोन दवाखान्यांतून येतात. तालुक्याच्या गावी ती एकाच हातून येऊ शकतात आणि पुडीत काय आहे, हे रुग्णाला ठाऊक नसते. निव्वळ होमिओपॅथीच्या मात्रेने मेथोट्रेक्सेटला अडथळा येण्याचे कारण दिसत नाही. नाव न लिहिलेल्या पुडीचे मात्र तसे सांगता येत नाही. दोन दिवसांत चमत्कार व्हावा तसा उतार, महिनाभरात सुजट गोल चेहरा आणि पुडी चुकताच दुपटीने उसळी, ही लक्षणे स्टेरॉइडची आहेत. ती पुडी कुठल्या पॅथीच्या नावाने दिली, याला मग अर्थ राहत नाही.

जाहिरातींबद्दल कायदा जुना आणि स्पष्ट आहे. ज्या आजारांवर उपचाराचा दावा जाहिरातीतून करता येत नाही, त्यांच्या १९५४ च्या कायद्यातल्या यादीत संधिवात आहे. "वात मुळापासून बरा" अशा पाट्या तरीही एसटी स्टँडबाहेर दिसतात.

अजून न सुटलेले

गोळीपुरते पाहिले तर चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. जितकी चाचणी मोठी आणि काटेकोर, तितका गोळीचा गुण नकली गोळीच्या बरोबरीला आला. १९८० चा अपवाद अपवादच राहिला. नव्या चाचणीने हे उलटू शकते, पण तसे व्हायचे तर ती चाचणी आधी जाहीर नोंदलेली हवी. होमिओपॅथीच्या क्षेत्रात नोंदवलेल्या पण कधीच न छापलेल्या चाचण्यांचे प्रमाण मोठे असल्याचे २०२२ च्या एका आढाव्यात दिसून आले आहे.

मुलाखतीचा प्रश्न मात्र खरोखर उघडा आहे. झोप कशी लागते, कशाची भीती वाटते, सासरी-माहेरी काय चालले आहे, उकाड्यात बरे वाटते की गारठ्यात, असे तासभर विचारले की आमवाताच्या रुग्णाला काय होते? आणि हाच तास प्रशिक्षित परिचारिकेने किंवा समुपदेशकाने दिला तर? साउदॅम्प्टनच्या चाचणीत तशी तुलना नव्हती. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने रुग्णाच्या देखभालीत परिचारिकेला महत्त्वाचे स्थान द्यावे अशी शिफारस केली आहे. आपल्याकडे संधिवाततज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले, बाहेर रांग आणि आत प्रत्येकाला काही मिनिटे. होमिओपॅथीकडे लोक का वळतात याचे उत्तर बहुधा याच रांगेत आहे. अशी चाचणी करायला महाराष्ट्राइतकी योग्य जागा शोधून सापडायची नाही. होमिओपॅथीची महाविद्यालये इथे आहेत, भिगवणसारख्या पाहणीचा अनुभव आहे आणि रुग्ण तर आहेतच. आयुर्वेदाने कोइमतूरला मेथोट्रेक्सेटशी थेट तुलना करणारी दुहेरी आंधळी चाचणी केली आणि २०११ मध्ये प्रसिद्धही केली. ४३ रुग्णांची, लहान, प्राथमिक, पण केली.

रुग्णाला हा लेख वाचून एवढेच हवे असेल की घ्यावी की न घ्यावी, तर ज्याला सांगायला हवे त्याला सांगून घ्यावी, म्हणजे दोन्ही डॉक्टरांना. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही. ते चालू असताना रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या चुकवू नयेत. सुरुवातीला त्रास वाढला तर तो औषध लागू पडल्याची खूण असे होमिओपॅथीत मानतात. आमवातात वाढती सूज म्हणजे रोगाची उसळी असू शकते, ती संधिवाततज्ज्ञाला दाखवावी. आणि पहिले काही महिने फार मोलाचे असतात. त्या काळात वाया गेलेले हाड पुढे कुठल्याही पॅथीने परत येत नाही.

चालू औषध बंद करून नुसत्या गोळ्यांवर राहावे का, हा प्रश्न विचारणाऱ्यांसाठी एक नोंद. १९८०, २००१ आणि २०११ या तिन्ही चाचण्यांत रुग्णांची आधीची औषधे चालूच ठेवली होती.